बाईने मीटिंग कशी शोधावी

दारू सोडायची आहे आणि तुम्ही बाई आहात, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगमध्ये पुरुष शिरला की त्याला आपल्यासारखी दहा माणसं समोर दिसतात. बाईला बहुतेक वेळा एकही दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे 19 टक्के आणि बायकांपैकी सुमारे 1 टक्का दारू पितात, अशी नोंद आहे. त्यात फक्त सांगायला धजावलेल्या बायका आल्या. बाकीच्या कुठे आहेत, ते मला माहीत आहे, कारण मी त्यांच्यातच होते.

मी पहिल्यांदा गेले, ती मीटिंग एका शाळेच्या वर्गात होती. दारातल्या काकांनी मायेनं विचारलं, "ताई, मिस्टर आत आहेत का? अल-अ‍ॅनॉन पलीकडच्या खोलीत आहे." अल-अ‍ॅनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी 1951 साली सुरू झालेली वेगळी संघटना. "पिणारी मीच," हे शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. पलीकडे जाऊन बसले. शेजारची बाई सांगत होती, नवरा साड्यांच्या घडीमागे बाटली लपवतो. माझी बाटली तांदळाच्या डब्यात असायची, तळाशी, वर तांदूळ सारखे करून. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुमच्याकडेही असंच ना?" मी मान हलवली. त्यानंतर बरेच महिने मी कुठल्याच मीटिंगचं दार बघितलं नाही.

म्हणून सांगते, आधी फोन करा. एएच्या मीटिंगांची यादी आणि संपर्क त्यांच्या भारतातल्या वेबसाइटवर मिळतात. फोनवर स्पष्ट म्हणा, "मला स्वतःसाठी यायचं आहे." मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, ते विचारा. ओपनला घरचे, विद्यार्थी, कुणीही येऊन बसू शकतं. क्लोज्डला फक्त ज्यांना पिणं थांबवायचं आहे ते. तुम्हाला क्लोज्ड हवी. मीटिंग मराठीत होते की हिंदी-इंग्रजीत, तेही विचारा, कारण लाज वाटेल असं काही सांगताना आपलीच भाषा लागते. आणि तिथे कुणी बाई नियमित येते का, हे नक्की विचारा. येत असेल तर ती दारात भेटेल का, तेवढं बघा. आडनाव कुणी विचारत नाही. फीही नसते. शेवटी पिशवी फिरते, पण नव्या माणसानं त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही.

बायकांच्या वेगळ्या मीटिंगाही असतात, ऑनलाइन तर घरबसल्या. पण घरात तुमचं पिणं कुणाला कळू द्यायचं नसेल, तर ऑनलाइन मीटिंग अवघड जाते. दार लावून कुजबुजत शेअरिंग होत नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. तिथे भरती होण्याची वेळ आलेली नसली, तरी कुठे जावं हे विचारता येतं.

आता जरा अवघड गोष्ट. नव्यानं आलेल्या बाईशी कुणी पुरुष सभासद फार लवकर जवळीक करू लागला, रात्री-अपरात्री फोन, "तुझं दुःख मलाच कळतं" अशी भाषा, तर तिथेच थांबवा. एएमध्ये दारूतून सावरण्याच्या पायऱ्या बारा आहेत. या प्रकाराला जुनी माणसं तेरावी पायरी म्हणतात, इतका तो सगळीकडे माहितीचा आहे. नुकतं पिणं थांबलेलं असतं, झोप नसते, कुणी दोन शब्द गोड बोललं की मन धावतं. मी या पायी एक चांगली मीटिंग सोडली. खरं तर ती त्यानं सोडायला हवी होती, मी नव्हे. बाईनं स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारी जुनी सभासद, बाईच घ्यावी, हा संकेत याचसाठी आहे. तशी बाई जवळपास नसेल तर दुसऱ्या गावातली चालेल, फोनवर चालेल.

एए 1935 साली अमेरिकेत दोन पुरुषांनी सुरू केली. 1939 च्या त्यांच्या पुस्तकात बायकांना उद्देशून लिहिलेलं प्रकरण आहे, ते पिणाऱ्यांच्या पत्नींसाठी. पण त्याच वर्षी मार्टी मान ही बाई एएत आली आणि पुढे बरीच वर्षं सोबर राहिली. आपण पहिल्या नाही, हे मला फार उशिरा कळलं. ते कळल्यावर पुरुषांनी भरलेल्या वर्गातही मी पुढच्या बाकावर बसू लागले.

मीटिंगमध्ये कुणी डिप्रेशनच्या गोळ्या बंद करायला सांगितलं, तर ऐकू नका. डॉक्टरकी करू नये, हे एए स्वतःच आपल्या सभासदांना सांगते. आणि रोज पिणाऱ्या बाईनं मीटिंगच्या भरवशावर एका दिवसात बंद करू नये. हात थरथरणं, घाम, भास, फिट हे पिणं थांबल्यावर दोन-चार दिवसांत जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग मीटिंग. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 वर आहे, पैसे पडत नाहीत. जवळचं केंद्र विचाराल, तेव्हा तिथे बायकांना वेगळी खोली आणि महिला कर्मचारी आहेत का, हे त्याच फोनवर विचारून घ्या.