लिंबू बंद करायचं का?

प्रश्न : सासूबाई म्हणतात, आंबटाने सांधे धरतात, म्हणून घरात लिंबू बंद. मी मात्र वजन उतरावं म्हणून रोज उपाशीपोटी गरम पाण्यात लिंबू पिळून घेते. कोणाचं बरोबर?
– एक वाचक भगिनी, औंध (जि. सातारा)

उत्तर : ताई, दोघींचंही थोडं चुकतंय. लिंबाने सांधे धरत नाहीत आणि चरबीही वितळत नाही. वजनासाठी सूर्यनमस्कार घाला. त्यांचा प्रसार करणाऱ्या भवानराव पंतप्रतिनिधींचं गाव तुमचं!

लिंबाचा खरा उपयोग ताटात. बाजरीची भाकरी, मेथी, मटकी यांतलं लोह ‘क’ जीवनसत्त्वाच्या सोबतीने अंगी चांगलं लागतं. हे जीवनसत्त्व उष्णतेने घटतं, म्हणून उसळ किंवा पोहे शिजताना नव्हे, वाढताना फोड पिळा.

आम्लपित्ताचा त्रास असेल तर उपाशीपोटी लिंबू नको. सरबतानंतर साध्या पाण्याने चूळ भरा. लगेच ब्रश केल्यास दात झिजतात. सासूबाईंना रक्तदाब असेल तर खारवलेल्या लोणच्याऐवजी ताजी फोड द्या. सांधे सुजत असतील, तर मात्र लिंबावर खापर न फोडता त्यांना डॉक्टरांकडे न्या.