घरचा कुत्रा आणि घरची लेकरे

आपले रोहणा गाव आर्वी तालुक्यात. भोवती कपाशीची, तुरीची, सोयाबीनची वावरे. वावरात रानडुकरे आणि रोही शिरतात, म्हणून रात्री जागलीला जावे लागते. तिथे माणसाच्या आधी कुत्र्याला चाहूल लागते. तेव्हा कुत्रा आपल्याला नवा नाही. लेकरांना तर तो हवाच असतो. गल्लीत कुत्री व्याली, की महिनाभरात एखादा पोट्टा सदऱ्यात पिल्लू लपवून घरी येतो. माय ओरडते, बाप हसतो, आणि पिल्लू राहून जाते.

आमचे म्हणणे असे, की पिल्लू असे राहून जाऊ नये. ते निवडून आणावे. दहा-बारा वर्षे ते आपल्या लेकरांत राहणार आहे. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. मग कुत्रा न पाहता कसा घ्यायचा?

आधी पिल्लाची माय पाहावी. व्यालेली कुत्री थोडी गुरगुरणारच, तो तिचा दोष नाही. पण एरवीही जी माणसावर धावून जाते, तिचे पिल्लू लेकरांच्या घरी नको. मग पिल्लांजवळ खाली बसा आणि चुटकी वाजवा. एखादे कोपऱ्यात दडते. एखादे बाकीच्यांना चावून दूर लोटते. एखादे शेपूट हलवत येते आणि बोट हुंगते. हे बोट हुंगणारे घ्या.

दोन महिन्यांच्या आत पिल्लू मायेपासून तोडू नका. भावंडांशी खेळताना एकाने जोरात चावले, की दुसरे केकाटते आणि खेळ मोडतो. दात किती जोराने लावायचे, हे पिल्लू तिथे शिकते. ही शाळा बुडाली, तर पुढची शिकवणी आपल्या लेकरांच्या हातापायांवर होते.

शहरात पाहून काही जण दाट केसांचा विलायती कुत्रा आणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तो बिचारा दिवसभर धापा टाकतो. गावठी कुत्रा याच मातीतला आहे. त्यालाही सावली आणि पाणी लागतेच, पण तो ऊन सोसतो. मादी नको, असे पुष्कळ जण म्हणतात. मादी राखण तितकीच चांगली करते. पिल्लांचे लटांबर नको असेल, तर ढोरांच्या डॉक्टरला विचारून तिचे ऑपरेशन करून घ्यावे.

आता लेकरांचे पाहू. कुत्र्याला शिकवण्याआधी लेकराला शिकवावे लागते. कुत्रा जेवत असला, निजला असला, किंवा पिल्लांना पाजत असली, तर त्याला हात लावायचा नाही. शेपूट ओढायची नाही. पाठीवर बसायचे नाही. तुम्ही कीर्तनात नामदेव महाराजांची गोष्ट ऐकली असेल. कुत्र्याने भाकर पळवली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. संताची गोष्ट वेगळी. आपल्या लेकराने जेवत्या कुत्र्याच्या मागे वाटी घेऊनही धावू नये आणि काठी घेऊनही धावू नये. आणि पाळण्यातले लेकरू कुत्र्याजवळ एकटे सोडायचे नाही. कुत्रा कितीही गरीब असो.

एकदा वर्गात एका मावशींनी विचारले, "गुरुजी, आमचा कुत्रा पोट्ट्यावर गुरगुरला, तं याईनं त्याले चांगलं झोडपलं. बरं केलं ना?"

आम्ही म्हटले, "मावशी, गुरगुरणं म्हणजे त्याचं बोलणं. 'मला त्रास होतो, दूर व्हा,' असं तो सांगतो. त्यासाठी मारलं, तर तो बोलणं सोडेल. मग एक दिवस न बोलता चावेल."

गुरगुर ऐकली, की लेकराला तिथून उचलावे आणि कुत्र्याला काय टोचते आहे ते पाहावे. कान मागे, शेपूट पायांत, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, हीही तीच भाषा आहे. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो, हेही ध्यानात ठेवा. रस्त्यावरचा परका कुत्रा अंगावर आला, तर लेकराने पळू नये. झाडासारखे उभे राहावे, खाली पाहावे. पळणाऱ्याच्या मागे कुत्रा धावतोच.

इतके करूनही दात लागू शकतो. मोठ्या माणसाला तो बहुधा पायाला लागतो. लेकरू बुटके असते, त्याच्या तोंडाला, मानेला लागतो. म्हणून लेकराचा धोका मोठा. कुत्रा पिसाळलेला असेल, तर रोगाची खूण दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. एकदा खूण दिसली, की माणूस हाती लागत नाही. पण त्याआधी सुया घेतल्या, तर तो वाचतो.

१८८५ साली फ्रान्स देशात जोसेफ मेस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला पिसाळलेल्या कुत्र्याने फाडले. त्याची माय त्याला घेऊन पॅरिस शहरात लुई पाश्चर यांच्याकडे गेली. पाश्चर यांनी नवी लस काढली होती, पण ती माणसासाठी पक्की झालेली नव्हती. ६ जुलैला त्यांनी ती टोचायला सुरुवात केली. पोरगा जगला. मोठा होऊन तो पाश्चर यांच्याच संस्थेत नोकरीला राहिला.

आपल्याकडे पूर्वी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. त्या भीतीने लोक दवाखान्यात जात नसत. त्या सुया २००५ सालापासून बंद आहेत. आता सरकारी दवाखान्यात दंडावर सुई देतात, पैसे पडत नाहीत. पहिली त्याच दिवशी, मग तिथून ३, ७ आणि २८ दिवसांनी. रक्त निघाले असेल, तर जखमेतही एक औषध भरतात. जखमेवर तिखट, चुना, हळद काही लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळाची पंधरा मिनिटे धुवा आणि निघा. जवळचे आरोग्य केंद्र, नाही तर आर्वी, नाही तर सेवाग्राम.

पुष्कळदा लेकरू चावा लपवते. आपण कुत्र्याची खोडी काढली म्हणून मार बसेल, अशी त्याला भीती असते. इथेच जीव जातात. म्हणून आजच जवळ बसवून सांगा, "चावलं, ओरखडलं, तर येऊन सांग. कोणी मारणार नाही." आणि खरेच मारू नका.

कुत्र्यालाही टोचून घ्यायचे असते. तीन महिन्यांचे झाले, की पहिली सुई. दुसरी कधी, ते ढोरांचा डॉक्टर सांगतो. मग दर वर्षी एक. जंताचे औषधही तोच देतो, कारण कुत्र्याच्या विष्ठेतले जंत अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जातात. टोचल्याचा कागद हरवतो. आता तुम्हाला लिहिता येते. दाराच्या मागच्या बाजूला खडूने कुत्र्याचे नाव लिहा, सुईची तारीख लिहा, आणि तिच्या खाली पुढच्या वर्षीची तारीख लिहून ठेवा.