तिकीट सर्वांत शेवटी

पोरी, पणजोबांचं गाव शोधायचं मनावर घेतलंस ते बरं केलंस. पण ग्वांगझूचं तिकीट एवढ्यात काढू नकोस. टोरांटो, सिडनी, क्वालालंपूरहून नातवंडं-पतवंडं तिकडे जातात, "आमचं घर कुठलं?" म्हणून विचारत हिंडतात आणि कुणाच्या तरी बंद दाराचे फोटो घेऊन परत येतात. गाव तिकडे असलं तरी त्याचा पत्ता इकडेच असतो. ट्रंकेत असतो, कबरीवर असतो, नाहीतर ऐंशी ओलांडलेल्या एखाद्या आत्याच्या डोक्यात असतो. सुरुवात आत्यापासून कर. ट्रंक कुठे पळून जात नाही, आत्याचा भरवसा धरू नये.

तिला "आपलं मूळ गाव कोणतं?" असं विचारलंस तर ती "कँटन" म्हणेल आणि विषय तिथेच संपेल. त्यापेक्षा तिची आजी बाजाराला कुठे जायची ते विचार. बाजार कोणत्या तिथीला भरायचा, चालत किती वेळ लागायचा, गावासमोर तळं होतं का, हे विचार. आणि घरातल्या सुनांची माहेरं विचार. त्या भागातली गावं बहुतेक एकाच आडनावाची, त्यामुळे सून नेहमी शेजारच्या गावातून यायची. चार सुनांची माहेरं कळली की आपलं गाव त्यांच्या मधोमध कुठेतरी असणार. हे सगळं तिच्याच बोलीत रेकॉर्ड करून घे. तू कानाला वाटेल तसं लिहून घेतलेलं पुढे कुणाला उमगायचं नाही; आवाज ऐकला की तोइसानचा माणूस नेमकं गाव ओळखतो.

मग नाव. इंग्रजीतलं नाही, देवनागरीतलंही नाही. चिनी अक्षर हवं. ते हाती लागेपर्यंत पुढचं पाऊल टाकू नये. एकाच अक्षराचं आडनाव मँडरिनमध्ये चेन, कँटनीजमध्ये चान, तोइसानच्या बोलीत चिन आणि फुजियानकडच्या होक्कियनमध्ये तान होतं. उलट कँटनीजमधला 'वाँग' घे; त्यामागे दोन निरनिराळी अक्षरं, म्हणजे दोन निरनिराळी घराणी असतात. त्यात बंदरावरच्या कारकुनांची भर. चिनी माणूस आडनाव आधी सांगतो, कारकून शेवटचा शब्द आडनाव म्हणून टिपतो. लाडाने हाक मारताना लावलेला 'आ' तर कित्येकांना कायमचा चिकटला. अठराव्या शतकाच्या शेवटी वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून कोलकात्याजवळ साखर कारखाना काढणारा तोंग आछ्यू, ज्याच्या नावाने अछीपूर गाव आहे, त्याच्या नावातला 'आ' हाच.

आणखी एक. जुन्या पिढीत पुरुषाला एकच नाव नसे. बाळपणीचं वेगळं, शाळेतलं वेगळं, लग्नात ठेवलेलं वेगळं. मामंजींचं, म्हणजे तुझ्या पणजोबांचं, जहाजाच्या कागदावरचं नाव आणि वंशावळीतलं नाव यांचा एकमेकांशी काही संबंध नसेलही. वंशावळीत बरेचदा लग्नातलं नाव असतं. तेव्हा "आमचा माणूस यात नाहीच" असं म्हणून वही मिटू नकोस.

अक्षरं मिळवायची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे कबर. परदेशात मेलेल्या चिनी माणसाच्या दगडावर त्याचा जिल्हा आणि पुष्कळदा गावही कोरतात. आपल्याला मुंबईत अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत जायचं आहे. सकाळी लवकर जा. ऊन तिरपं असलं की कोरलेल्या अक्षरात सावली भरते आणि झिजलेलंही वाचता येतं. खडू घासायचा नाही, तारेचा ब्रश तर मुळीच नाही. मऊ ब्रशने माती झाडायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ओला असतानाच फोटो घ्यायचा. ओळी उभ्या असतात, वाचायच्या उजवीकडून डावीकडे. मधल्या मोठ्या ओळीत नाव. बाजूच्या बारीक अक्षरांकडे लोक बघत नाहीत, आणि आपलं काम नेमकं तिथे असतं. तारखेत 'मिंगुओ', म्हणजे चिनी प्रजासत्ताकाचं वर्ष असेल तर त्यात १९११ मिळव. मिंगुओ २० म्हणजे १९३१.

कबर रिकामी निघाली तरी दचकू नकोस. काही वर्षांनी अस्थी काढून गावी पाठवायची रीत होती, आणि हाँगकाँगचं तुंग वा रुग्णालय त्या पुढे पोचवण्याचं काम करायचं. १९०२ मध्ये न्यूझीलंडहून ४९९ जणांचे अवशेष घेऊन निघालेलं व्हेंटनॉर जहाज तिथल्याच किनाऱ्याजवळ बुडालं. सोन्याच्या खाणींत राबलेली माणसं ती, मेल्यावरही गावी पोचली नाहीत.

कबरीनंतर पाकिटं. आतली पत्रं मागाहून वाच, आधी पाकीट बघ. मधल्या उभ्या लाल पट्टीत ज्याला पाठवलं त्याचं नाव, उजवीकडे पत्ता, डावीकडे पाठवणारा. पत्त्यात एखाद्या दुकानाचं नाव असेल तर ते जपून ठेव. गावात टपाल यायचं नाही. पैसे आणि पत्र हाँगकाँगच्या पेढीमार्फत बाजारगावातल्या दुकानात उतरायचे आणि तिथून घरी जायचे. दुकान कळलं की बाजार कळला, बाजार कळला की उरतात भोवतालची दहा-वीस गावं. अशा पैसे-पत्रांना २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत जागा मिळाली. आणि आपल्याकडे ती रद्दीत जातात!

खरं तर आपल्याकडे रद्दीतही फारशी गेली नाहीत, त्याआधीच नाहीशी झाली. १९६२ चं चीनशी युद्ध झालं आणि चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना राजस्थानात देवलीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्या दिवसांत चिनी अक्षराचा कपटा घरात असणंही जिवावरचं वाटायचं. म्हणून कागद नसेल तर बाकीच्या वस्तू उलटून बघ: फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का, देव्हाऱ्यातल्या पाटीची मागची बाजू, सुताराच्या पेटीचा तळ.

पेटीवरून आठवलं. भारतातल्या चिनी घराचा धंदा सांगितलास तर मुलूख अर्धा कळतो. चामड्याचं काम हाक्कांचं, त्यांचं मूळ मेईशियानकडे. दात बसवणारे बहुतेक हुबेई प्रांतातल्या तिएनमेनचे. सुतार कँटनीज बोलणारे. मामंजी गोदीत सुतार, शिवाय माझगावात नवाब टँक रोडवरच्या सी यप मंदिरात जाणारे. ते मंदिर १९१९ चं, देव क्वान कुंग. सी यप म्हणजे चार जिल्हे: तायशान (तेच तोइसान), कायपिंग, शिनहुई आणि एनपिंग. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. 'सी यप' हे देवाचंच नाव असेल असं धरून मी नमस्कार करायची.

नकाशात शोधताना मात्र जुनी नावं हाताशी ठेव. तायशानला १९१४ पर्यंत शिननिंग म्हणत. आपल्या बोलीत सनिंग. झोंगशान १९२५ पर्यंत शिआंगशान होतं. चार जिल्ह्यांना हेशान जोडून आता वू यी, म्हणजे पाच झाले, आणि सगळे जिआंगमेन शहराखाली येतात. गावांची नावं तर इतकी सारखी की जिल्हा आणि बाजारगाव जोडल्याशिवाय नुसत्या गावाच्या नावाला काही अर्थ नाही.

डीएनए चाचणीवर पैसे घालायचे तर घाल. परदेशातला एखादा चुलत भाऊ सापडेल, गाव सापडणार नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनी कुठे नळीत थुंकून ठेवलंय?

कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींच्या बाबतीत वेगळी काळजी घे. अमेरिकेने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं, ते १९४३ पर्यंत. मध्ये १९०६ चा भूकंप झाला, सॅन फ्रान्सिस्कोतल्या जन्मनोंदी आगीत गेल्या. मग पुष्कळांनी "मी इथेच जन्मलो" असं सांगितलं आणि चीनमध्ये नसलेले मुलगेही कागदावर दाखवले. त्या जागा विकल्या गेल्या, दुसऱ्यांचे मुलगे त्या नावाने आले. त्यांना 'कागदी मुलगे' म्हणतात. तेव्हा त्यांचं इंग्रजी आडनाव खरं असेलच असं नाही. कबरीवर इंग्रजीत खोटं आणि शेजारीच चिनीत खरं, असे दगड तिकडे आहेत. एंजल आयलंडवर १९१० ते १९४० या काळात त्यांची उलटतपासणी व्हायची. घर ओळीत कितवं, विहीर कोणत्या बाजूला, शेजारी कोण. ते सवाल-जवाब सॅन ब्रूनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि वाचताना गाव डोळ्यांसमोर उभं राहतं. फक्त ते कागदी बापाचं गाव असू शकतं हे विसरू नकोस.

एवढं जमलं की वंशावळ. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्या सापडतात, तसंच हे. मात्र वही भटजींकडे नसून भाऊबंदांकडेच असते. सांस्कृतिक क्रांतीत खूप जळल्या, काही लपवल्या गेल्या, काहींच्या प्रती परदेशी गेलेल्यांकडे राहिल्या. शांघाय ग्रंथालयाचा संग्रह सर्वांत मोठा. फॅमिलीसर्चवरही घरबसल्या पुष्कळ बघता येतात. घराण्याची एक कविता असते, तिचं एकेक अक्षर एकेका पिढीच्या नावात येतं. आत्याला त्यातली चार अक्षरं आठवली तरी उतरवून घे. गावातला म्हातारा तुझ्या आजोबांच्या नावातलं अक्षर ऐकून क्षणात सांगेल, तू त्याची पुतणी लागतेस की आजी!

या वह्यांवर माझा राग आहे तोही सांगते. बायकांची नुसती माहेरची आडनावं, मुली तर बहुतेक गाळलेल्याच. सासूबाईंनी सात माणसांचं घर रेटलं, वहीत त्यांना एकच अक्षर मिळालेलं असेल.

आता तिकीट. छिंगमिंगला, म्हणजे ४-५ एप्रिलच्या सुमारास जा. कबरी झाडायला हाँगकाँगहून सगळे येतात, गाव भरलेलं असतं. चिनी नववर्षात जाऊ नकोस, आगगाडीत पाय ठेवायला जागा नसते. दुभाषी तोइसानची बोली समजणारा घे; ग्वांगझूची हुशार पोरगी तिथे तुझ्याइतकीच बहिरी ठरेल. परदेशस्थ चिनींचं काम बघणारी सरकारी कचेरी जिल्ह्याला असते, तिला आधी कळव आणि कबरीचा फोटो पाठव. भेट म्हणून घड्याळ नेऊ नकोस, ते तिकडे मरणाशी जोडतात. लाल पाकिटात चारचा आकडा येऊ देऊ नकोस. जुन्या फोटोंच्या प्रती ने, मिठाईपेक्षा त्यांची किंमत जास्त. पूर्वजांच्या दालनासाठी वर्गणी मागतील; झेपेल तेवढी दे आणि पावती घे. कायपिंगचे उंच बुरूजवाडे दाखवायला नेतील. १,८०० हून जास्त उरलेत, २००७ पासून जागतिक वारसा आहेत, बघून ये. पण आपलं घर त्यांतलं नव्हे, सुताराचं होतं.

नव्याने छापतात त्या बऱ्याच वंशावळींत आता मुलींचीही नावं घालतात. तुझं घालायला सांग. आजोबांच्या नावाशेजारी माझंही घालायला सांग, पूर्ण, नुसतं आडनाव नको. मराठी नाव चिनी अक्षरांत कसं लिहायचं ते तिथल्या लेखनिकावर सोडलंस तर तो बंदरावरच्या कारकुनासारखंच करून ठेवेल. मंदिरातल्या जाणत्यांकडून मी अक्षरं लिहून घेतली आहेत, व्हॉट्सॲपवर पाठवते. छापून ने.