गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी का जाते?



भूमितीचा प्रश्न सोडवताना शेवटी आपण ‘सिद्ध झाले’ असे लिहितो. ती सिद्धता लिहिणारा कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, सभेत काय बोलला, हे तपासणारे गुरुजी पाहत नाहीत. पायऱ्या बरोबर असतील तर गुण मिळतात. म्हणून आपल्याला वाटते की गणिताच्या माणसाला राजकारणाचा त्रास होण्याचे कारणच नाही. या अंकात आम्ही दोन गणितज्ञांची माहिती देत आहोत. एक आपल्या मराठी मुलखातले, दुसरे अमेरिकेतले. दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. त्या गणितामुळे गेल्या की मतांमुळे, हे तपासायचे कसे, हा आजचा धडा आहे.

आपल्या भागातल्या घरांना हा विषय तसा परका नाही. बिदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हे जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती जुमानली नाही, म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. औरंगाबादच्या सरकारी शाळेत गणित शिकवणारे गोविंदभाई श्रॉफ नोकरी सोडून चळवळीत आले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे एक प्रमुख नेते झाले. पण ती राजेशाही होती. तिथे कोण का काढला गेला हे शोधायला फार डोके चालवावे लागत नव्हते. जिथे लोकशाही आहे आणि कागदावर सारे नियमाने चालते, तिथे प्रश्न अवघड होतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे या गावी झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे मोठे पंडित. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ पालकांपैकी अनेकांनी वाचला असेल. वडिलांना अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात काम मिळाले आणि १९१८ मध्ये अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर तिकडे गेला. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते परत आले. आधी बनारस, मग अलीगढ आणि १९३३ पासून पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, असे ते शिकवत राहिले. १९४५ मध्ये डॉ. होमी भाभा यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली, तेव्हा त्यांनी कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. कोसंबींनी पुण्याचे घर सोडले नाही. डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ होता.

त्यांचे गणित कोणत्या कामाचे होते? आपल्याला जवळची अशी दोन उदाहरणे देतो.

तक्षशिलेच्या उत्खननात चांदीची प्राचीन आहत नाणी मोठ्या संख्येने सापडली होती. त्यांवर ना राजाचे नाव, ना साल. मग कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे कसे ठरवायचे? कोसंबींनी विचार केला की नाणे हातोहाती फिरते तेव्हा झिजते. एका नाण्याची झीज जास्त, दुसऱ्याची कमी, ते नशिबावर असते. पण एकाच वेळी पाडलेल्या पुष्कळ नाण्यांचे सरासरी वजन काळाबरोबर ठराविक गतीने घटते, आणि त्यांच्या वजनांतील आपसातला फरक वाढत जातो. यासाठी त्यांनी हजारो नाणी एकेक करून तराजूवर तोलली. त्यांत आजच्यासारखी चलनातली नाणीही होती, कारण नियम आधी माहितीच्या नाण्यांवर तपासून पाहायचा होता. जुन्या नाण्यांच्या मागील बाजूस वेळोवेळी मारलेल्या खुणा जितक्या जास्त, तितके वजन कमी, असेही त्यांना आढळले. इतिहासाच्या प्रश्नाला सांख्यिकीने उत्तर देण्याचे आपल्या देशातले हे पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक आहे, आणि आमच्या मते सर्वांत सुंदर.

दुसरे उदाहरण शेतीचे. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत हे मोजण्याचे एक सूत्र कोसंबींनी १९४४ च्या सुमारास दिले. जगभर ते ‘कोसंबी सूत्र’ म्हणून ओळखले जाते. पिकांच्या जनुकांचे नकाशे तयार करताना ते अजून वापरतात. तुरीचे नकाशे करतानाही ते वापरले गेले आहे. कलबुर्गीची तूर देशभर जाते, तेव्हा हे सूत्र आपल्या शेताच्या बांधाजवळ येऊन पोचले आहे असे म्हणायला हरकत नाही.

आता मतांकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर कोसंबी जागतिक शांतता चळवळीत सामील झाले. अण्वस्त्रांना त्यांचा विरोध होता. मार्क्सचा विचार त्यांनी उघडपणे स्वीकारला होता, तरी कम्युनिस्ट पक्षाच्या पुढाऱ्यांवरही ते तितकीच कडक टीका करत. भारताने अणुऊर्जेवर मोठा खर्च करण्यापेक्षा सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करावा, ऊन प्रत्येक गावात पडते, असे ते १९५० च्या दशकात सांगत होते. (आज आपल्याच कर्नाटकात पावगड येथे दोन हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेचा सौर प्रकल्प उभा आहे. तेव्हा मात्र हे बोलणे अनेकांना विक्षिप्त वाटले.) अडचण अशी की डॉ. भाभा हे देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचेच प्रमुख होते आणि कोसंबी त्यांच्याच संस्थेत होते. १९६२ मध्ये संस्थेने कोसंबींचा करार पुढे वाढवला नाही. सोळा-सतरा वर्षांची नोकरी संपली.

त्यांना मतांसाठी काढले, असे त्यांचे चाहते म्हणतात. ते तसेच्या तसे मान्य करण्यापूर्वी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९५९ मध्ये कोसंबींनी रीमानचे गृहीतक सिद्ध केल्याचा दावा केला. मूळ संख्यांच्या मांडणीविषयीचा हा प्रश्न गणितातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक असून तो आजही सुटलेला नाही. कोसंबींचा लेख शेतकी सांख्यिकीच्या नियतकालिकात आला आणि त्यातली सिद्धता टिकली नाही. यामुळे गणितज्ञांमध्ये त्यांच्या नावाला धक्का बसला. शिवाय ते इतिहासासाठी फार वेळ देतात, अशीही कुरकुर होती. म्हणजे घटना एक आणि कारणे दोन. वर स्वभावाने ते तिखट, भाभांशी संबंध बिघडलेले. यातले कोणते कारण किती वजनाचे, हे एका घटनेवरून सांगता येत नाही. त्यांच्या मतांचा काहीच संबंध नव्हता असे आम्हाला वाटत नाही, पण ‘वाटते’ आणि ‘सिद्ध झाले’ यांतला फरक गणिताच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

एका घटनेवरून सांगता येत नाही, तर अनेक घटनांवरून येते का? यासाठी अमेरिकेतल्या ली लॉर्च यांच्याकडे पाहू. जन्म १९१५, न्यूयॉर्क. महायुद्धानंतर ते न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात गणित शिकवू लागले आणि स्टायव्हेसंट टाऊन या नव्या वसाहतीत राहायला गेले. एका विमा कंपनीने बांधलेल्या या वसाहतीत आठ हजारांहून अधिक घरे होती. शहराने कंपनीला करात सवलत दिली होती, पण कंपनी काळ्या माणसांना घर देत नसे. (जात विचारून घर नाकारण्याचा अनुभव आपल्याकडेही नवा नाही, म्हणून हे समजायला जड जाऊ नये.) लॉर्च यांनी भाडेकरूंची समिती करून याविरुद्ध आवाज उठवला. गणित विभागाने शिफारस केली असतानाही १९४९ मध्ये कॉलेजने त्यांना कायम केले नाही. ते पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात गेले आणि जाताना आपल्या घरात एका काळ्या कुटुंबाला राहायला दिले. नव्या कॉलेजात त्यांना या घराबद्दल जाब विचारण्यात आला आणि १९५० मध्ये तीही नोकरी गेली. त्यांच्या बाजूने आइन्स्टाइन यांनी लिहिले, उपयोग झाला नाही.

तिसरी नोकरी नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात. ही काळ्या विद्यार्थ्यांसाठीची नावाजलेली संस्था. इथे लॉर्च गणित विभागाचे प्रमुख झाले. एटा फाल्कनर, ग्लोरिया ह्यूइट आणि व्हिव्हियन मेझ या त्यांच्या तीन विद्यार्थिनींनी पुढे गणितात डॉक्टरेट मिळवली. काळ्या स्त्रीला त्या काळी ही पदवी मिळणे किती दुर्मिळ होते, हे लक्षात घ्यावे. १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणारा निकाल लागला आणि लॉर्च यांनी आपल्या मुलीला काळ्या मुलांच्या शाळेत घालण्याचा प्रयत्न केला. लगेच अमेरिकी संसदेच्या समितीने त्यांना बोलावून ते कम्युनिस्ट आहेत का असे विचारले. त्यांनी जुन्या काळाविषयी उत्तर देण्यास नकार दिला. त्यांच्यावर अवमानाचा खटला झाला. १९५७ मध्ये ते निर्दोष सुटले, पण फिस्कने १९५५ मध्येच त्यांना कमी केले होते.

चौथी नोकरी लिटल रॉक गावातील फिलँडर स्मिथ या लहान कॉलेजात. ४ सप्टेंबर १९५७ रोजी तिथल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये एलिझाबेथ एकफर्ड ही पंधरा वर्षांची काळी मुलगी प्रवेशासाठी एकटी गेली. सैनिकांनी तिला अडवले आणि मागे शिव्या देणारा जमाव लागला. तेव्हा एक गोरी बाई तिच्याशेजारी उभी राहिली, जमावाला खडसावले आणि तिला बसमध्ये बसवून सुखरूप नेले. त्या ग्रेस लॉर्च, ली यांच्या पत्नी. पुढे त्यांच्या घराच्या गॅरेजपाशी डायनामाइट ठेवलेले सापडले. १९५८ मध्ये ही नोकरीही सुटली आणि १९५९ मध्ये कुटुंब कॅनडाला गेले.

आता थोडे गणित करू. समजा, नव्या प्राध्यापकाला कायम न करण्याची शक्यता चारात एक आहे. (हा आकडा फक्त उदाहरणासाठी.) चार ठिकाणी ओळीने तसे घडण्याची शक्यता १/४ चार वेळा गुणून येते, म्हणजे २५६ मध्ये एक. तेव्हा हा निव्वळ योगायोग नाही, असे चटकन म्हणता येईल. पण थांबा. हा गुणाकार केव्हा चालतो? चारही घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हा. नाणे दुसऱ्यांदा उडवताना पहिल्यांदा काय पडले हे त्याला माहीत नसते. दुसऱ्या कॉलेजला मात्र पहिल्या कॉलेजात काय झाले ते माहीत असते. काळी यादी म्हणतात ती हीच. ती नेहमीच कागदावर लिहिलेली असते असे नाही. एका दारात मिळालेला नकार दुसऱ्या दाराच्या आधीच जाऊन उभा राहतो आणि घटनांचे स्वातंत्र्य संपते. म्हणून लॉर्च यांच्या बाबतीत पुरावा त्या गुणाकारात नाही. विभागाने शिफारस केली होती, आणि त्यांना जे प्रश्न विचारले गेले ते घराबद्दल आणि पक्षाबद्दल होते, गणिताबद्दल नव्हते, यात तो पुरावा आहे. कोसंबींच्या बाबतीत गणिताबद्दलचा प्रश्नही खरोखर उभा होता. दोन प्रकरणांतला फरक इथे आहे.

विश्वस्त मंडळींसाठी फिस्कचा प्रसंग थोडा अधिक सांगण्याजोगा आहे. तिथला वर्णभेदाचा शत्रू बाहेर होता. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स जॉन्सन स्वतः काळे आणि नामवंत समाजशास्त्रज्ञ होते. संस्था देणग्यांवर चालत होती, आजूबाजूचे राज्य प्रतिकूल होते. लॉर्च यांना ठेवावे म्हणून प्राध्यापकांनी, विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी विनंती केली, तरी विश्वस्तांनी उलट निर्णय घेतला. ते दुष्ट होते असे आम्ही म्हणणार नाही. परक्या राज्यात अल्पसंख्य भाषेची शाळा चालवणाऱ्यांना त्यांची भीती चांगली कळेल. पण त्या भीतीची किंमत कोणी दिली, तर वर्गात बसलेल्या मुलींनी. त्यांच्यासाठी झटणारा शिक्षक गेला.

लॉर्च कॅनडात आधी अल्बर्टा आणि नंतर यॉर्क विद्यापीठात शिकवून निवृत्त झाले. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने, म्हणजे पहिले कॉलेज ज्याचा भाग आहे त्यानेच, त्यांना मानद पदवी दिली. फिस्कनेही १९९२ मध्ये दिली. २०१४ मध्ये अठ्ठ्याण्णव वर्षांचे होऊन ते वारले. कोसंबींना एवढे आयुष्य मिळाले नाही. नोकरी गेल्यावरही त्यांनी गणित सोडले नाही. काही लेख त्यांनी ‘एस. डुक्रे’ या फ्रेंच वाटणाऱ्या टोपणनावाने छापले. हे नाव आपल्या ‘डुक्कर’ शब्दावरून गमतीने घेतले असे सांगतात. १९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय शास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना जागा मिळाली. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १९६५ चे. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. डॉ. भाभा त्याच वर्षी जानेवारीत विमान अपघातात गेले होते.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आता गृहपाठ. आजी-आजोबांच्या पेटीत निजामाचा हाली शिक्का असेल तर विचारून पाहा. चारमिनारचे चित्र असलेले हे रुपये आपल्या भागात चालत, सात हाली म्हणजे सहा कलदार. नाण्यावरचा सन हिजरी आहे हे लक्षात ठेवा. हाली शिक्के नसतील तर एकाच धातूची, एकाच छापाची पाच रुपयांची वीस जुनी आणि वीस अलीकडची नाणी जमवा. ओळखीच्या सोनाराकडे मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा असतो. दुपारी गिऱ्हाईक नसताना गेलात तर ते तोलू देतील. प्रत्येक नाण्याचे वजन सालासह वहीत लिहा, दोन्ही गटांची सरासरी काढा आणि सर्वांत जड व सर्वांत हलके यांतला फरकही लिहा. उत्तर कोसंबींच्या नियमाप्रमाणे आले नाही तर आकडे खोडू नका. वही तशीच गणिताच्या सरांकडे द्या.