दादाला फलाटावर एकटं सोडू नकोस

परभणी, रविवार

चि. सई,

काल रात्री वहिनींचा फोन आला. तू पुण्याहून येऊन दादाला तीन दिवस हैदराबादला घेऊन जाणार आहेस, हे त्यांच्याकडून कळलं. फोनवर मी खूप आनंद दाखवला आणि तो खराही होता. पण फोन ठेवला आणि तो व्हिडिओ आठवला.

नांदेडच्या लग्नाहून परत येताना तू घरच्या ग्रुपवर टाकलेला. पूर्णेच्या फलाटावर दादा हातात भज्यांचा पुडा धरून सुटलेल्या गाडीबरोबर पळतोय, दारातला कुणी पोरगा त्याच्या दंडाला धरून त्याला आत ओढतोय, आणि मागून तुझं हसणं ऐकू येतंय. खाली तू लिहिलंस, ‘आमचे हिरो’. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी काहीच लिहिलं नाही, तेव्हा तुला वाटलं असेल आत्याने पाहिलाच नाही. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला, सई. दादाचा डावा पाय पायरीवरून एकदा निसटलाय. तू नीट बघ.

तुला राग येईल, पण लिहिते. एकाहत्तर वर्षांचा बाप चालती गाडी पकडतो तेव्हा मुलीने हातातला फोन टाकून त्याचा हात धरायचा असतो. त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हे तुला ठाऊक आहे. गुडघ्याचं तर सगळ्या घराला ठाऊक आहे. फलाट आणि पायरी यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यात पाय गेला तर माणूस उरत नाही. आणि दादाच्या डोक्यात अजून मीटरगेजची गाडी आहे. वाफेचं इंजिन शिटी द्यायचं, धक्का द्यायचं, मग कुठे डबे हलायचे. माणूस सावकाश बोलणं संपवून चढायचा. आताची गाडी आवाज न करता सुटते आणि फलाट संपायच्या आत वेग घेते. हे त्याला कोणीतरी सांगायला हवं, आणि माझं तो ऐकत नाही. लहान बहिणीचं कधी ऐकलंय त्याने?

तुमची देवगिरी एक्सप्रेस जालन्याला पहाटे येते, म्हणजे पुढचा सगळा प्रवास दिवसाउजेडीचा. तो झोपणार नाही. परतूर, सेलू, मानवत रोड, प्रत्येक स्टेशनात त्याच्या ओळखीचं काही ना काही असणार. चष्मा, फोन, पाकीट सगळं बर्थवर ठेवून तो नुसता पायात चपला सरकवून उतरतो. गाडी सुटली तर ना कोणाचा नंबर, ना खिशात रुपया. त्याच्या सदऱ्याच्या खिशात तुझ्या नंबराची चिठ्ठी आणि थोडे पैसे ठेवून दे. तो काढून ठेवेल, तू परत ठेव. धर्माबादच्या पुढे बासरजवळ गोदावरीचा पूल लागतो, तेव्हा नाणं टाकायला तो दारात जाईल. आईची सवय आहे ती. खिडकीतून टाकता येतं म्हणावं. दारातच जायचं म्हणाला तर तू त्याच्या मागे उभी राहा आणि शर्ट घट्ट धर. लाजू नकोस.

दादा असं का करतो, ते तुला कोणी सांगितलं नसेल. आम्ही लहान असताना अण्णा दर वर्षी आम्हाला हैदराबादला मावशीआजीकडे न्यायचे, सुलतान बाजारात. तेव्हा पाण्याची बाटली विकत मिळत नव्हती. फिरकीचा तांब्या घेऊन अण्णा स्टेशनावर उतरायचे, नळावर गर्दी असायची, आणि ते परत येईपर्यंत मी खिडकीच्या गजाला कपाळ लावून बसायची. एकदा पूर्णेलाच गाडी सुटली आणि अण्णा आले नाहीत. आईने आमच्या दोघांच्या मनगटांना धरलं होतं. ती एक शब्द बोलली नाही. आमचा डबा शेजारच्या डब्याला आतून जोडलेला नव्हता, त्यामुळे अण्णा मागे कुठे चढलेत की फलाटावरच राहिलेत, हे कळायला मार्गच नव्हता. चुडाव्याला गाडी थांबली आणि मागच्या डब्यातून उतरून अण्णा चालत आले. तांब्या भरलेला होता. आधी दादाला पाणी दिलं, मग मला, मग आईला. स्वतः प्यायले की नाही, आठवत नाही.

मी त्या दिवसापासून गाडीला घाबरते. दादा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. त्याने काय घेतलं असेल त्यातून? बाप म्हणजे खाली उतरून आणणारा माणूस. तुझ्या लहानपणी तोही तुझ्यासाठी असाच उतरायचा, मनमाडला दूध, औरंगाबादला केळी. आता तू मोठी झालीस, पगार मिळवतेस. तिकीट तू काढलंस, हॉटेल तू ठरवलंस, जेवण फोनवरून थेट बर्थवर मागवशील. त्यात वाईट काहीच नाही. पण मग दादाने काय करायचं? तुझ्यासाठी काही आणायचं म्हटलं, तर त्याच्याकडे भजीच उरतात.

म्हणून वर रागावून लिहिलंय त्यात थोडा बदल करते. त्याला अजिबात उतरू देऊ नकोस, असं म्हणणार नाही. नांदेडला गाडी जरा थांबते. तिथे ‘बाबा, मला चहा आणा’ असं तूच म्हण. आणि तू आपल्या डब्याच्या दाराशी उभी राहा, तो समोरच्याच टपरीवर जाईल इतकं बघ, सिग्नलवर लक्ष ठेव. हाक मारायची ती उजव्या बाजूने. चहा कसाही असला तरी सगळा पी.

हैदराबादचं फार सांगत नाही, तुझं तू बघशील. शुक्रवारी सालारजंग बंद असतं, तेवढं लक्षात ठेव. तिथल्या घड्याळातला छोटा माणूस दर तासाला बाहेर येऊन टोले देतो. बाराला बारा टोले बघायला गर्दी होते, तिथे दादाला आधी बसायला जागा धर. गोवळकोंड्याला दरवाज्याखाली टाळी वाजवून बघा, वर बालाहिसारपर्यंत चढू नका, साडेतीनशेहून जास्त पायऱ्या आहेत. चारमिनारच्या गोल जिन्यालाही नाहीच म्हण. त्यापेक्षा उस्मानिया विद्यापीठाच्या आर्ट्स कॉलेजसमोर त्याला हवा तितका वेळ बसू दे. ती इमारत 1939 साली उघडली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनी अण्णा तिथे शिकायला गेले. इतिहास, गणित, सगळं उर्दूतून. घरी मराठी आणि वहीत उर्दू, असा तो काळ. म्हातारपणीही ते हिशेब करताना ओठांत उर्दू आकडे पुटपुटायचे, हे दादाला विचार, तो करून दाखवेल.

मला नोकरी लागली तेव्हा अण्णा म्हणाले होते, ‘एकदा चल, तुला माझं कॉलेज दाखवतो. आता तिकीट तू काढ.’ मी म्हटलं, दिवाळीत जाऊ. मग लग्न ठरलं, मग बदली, मग मुलं. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही आणि मीही नाही. तू तुझ्या बापाला म्हणालीस आणि लगेच तिकीटही काढलंस. वहिनींनी हे सांगितलं तेव्हा मला बराच वेळ बोलता आलं नाही. फोन कट झाला असं त्यांना वाटलं.

तिथे गेल्यावर त्याच्याशी भांडण होईलच, तुम्ही दोघं एका मातीची. तो रिक्षावाल्याशी उर्दूत हुज्जत घालेल, तुला लाज वाटेल. घालू दे. संध्याकाळी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं समोर आली की तो विसरतो. रक्तदाबाची गोळी सकाळी, न चुकता.

देवगिरी परभणीवरून जाते, हे तू विसरली नसशील. मी सकाळी लवकरच स्टेशनावर येऊन थांबते. धपाटे, दही, लसणाची चटणी आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या देते, म्हणजे पूर्णेला उतरायचं कारणच राहणार नाही. तुझ्यासाठी कमी तिखटाचे धपाटे वेगळे बांधेन, वर खूण करून ठेवते. मला बघून दादा खाली उतरेल, त्याला अडवू नकोस. पाया पडले की मीच त्याला हाताला धरून वर चढवीन. तुला मात्र दारातूनच बघेन, किती बारीक झालीस ते वहिनी सांगतात.

डब्याचा आणि बर्थचा नंबर आजच कळव. फलाटावर डबे नेमके कुठे येतात ते मला आधी जाऊन विचारून ठेवता येईल.

तुझी
आत्या