गोळ्या वेळेवर, गप्पांचं काय?

पत्नी गेल्यानंतरचे पहिले सहा महिने उतारवयातल्या पुरुषाच्या हृदयाला फार जड जातात. ब्रिटनमध्ये ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त निघाले आणि सर्वांत मोठी वाढ हृदयविकाराच्या मृत्यूंत होती.

दुःख तर असतंच. पण आपल्याकडची घरं आठवून पाहा. बीपीची गोळी कुठल्या डब्यात आहे, हे काकांना ठाऊक नसतं. नणंदेला फोन करणं, शेजारच्या वास्तुशांतीला जाऊन येणं, भावाभावांतला अबोला मिटवणं, हा सगळा कारभार काकूंकडे. त्या गेल्या की निम्मं गणगोतही सुटतं. मग एकट्यासाठी कुठे कुकर लावायचा म्हणून रात्र चहा-बिस्किटांवर निघते.

बायकांचं दुखणं वेगळं. घर भरलेलं असतं, पण पोटातलं बोलायला माणूस नसतं. स्टॉकहोममध्ये हृदयविकार झालेल्या ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या संसारात तीव्र ताण होता, त्यांना पुन्हा हृदयाचा त्रास होण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. नोकरीतल्या ताणाचा तसा संबंध आढळला नाही! म्हणून ‘घरात माणसं आहेत की’ हे उत्तर मला पुरत नाही. अमेरिकेतल्या ५७,८२५ वयस्क स्त्रियांच्या २०२२च्या अभ्यासात, संपर्क कमी आणि एकाकीपणाही जास्त असलेल्यांत हृदयरोगाचा धोका १३ ते २७ टक्क्यांनी अधिक होता.

सततच्या एकटेपणात ताणाची संप्रेरकं चढी राहतात, झोप मोडते, रक्तदाब वाढतो. शिवाय आपल्यातला बदल बघणारं कोणी उरत नाही. माझ्या एका रुग्ण आजींना भजनी मंडळातल्या मैत्रिणीने हटकलं, “अगं, चपलेचा पट्टा रुतलाय तुझ्या पायात.” सूज हृदयामुळे होती. आजींना वाटत होतं, चप्पलच आटली.

मंडळात गेल्याने झटका टळतोच, असं कोणी सिद्ध केलेलं नाही. तेव्हा गोळ्या बंद करू नका. पण निवृत्त पुरुषांना नुसतं ‘चार लोकांत मिसळा’ सांगून भागत नाही. त्यांना काम द्या. वाचनालयाचा हिशेब, सोसायटीच्या टाकीची देखरेख, काहीही. काकूंना आठवड्यातून एक संध्याकाळ घराबाहेरच्या मैत्रिणीसाठी मोकळी हवी, नातवंडांची शाळा-शिकवणी त्या दिवशी दुसऱ्याने पाहावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘शुभ सकाळ’ मी यात धरत नाही. पुढच्या तपासणीला फाइल घेऊन याल, तेव्हा घरी कोण असतं आणि मनातलं कोणाशी बोलता, हेही डॉक्टरांना सांगा.

एकटे राहत असाल, तर घराची एक किल्ली शेजारी द्या. झटक्यात दरवेळी छातीतच कळ येते असं नाही. विशेषतः बायकांमध्ये धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, कधी नव्हे इतका थकवा, एवढंच जाणवू शकतं. अशा वेळी अमेरिकेतल्या मुलाची सकाळ व्हायची वाट पाहू नका. आधी १०८, मग शेजारी, आणि त्यानंतर मुलाला फोन.