ख्रिस्ती उपासना आणि संस्कृती : मराठी भक्तिपरंपरेच्या संदर्भात

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर आपणास उपासना व संस्कृती यांतील चार संबंध सांगता येतील आणि मराठी ख्रिस्ती भक्तिरचनेच्या आधारे ते स्पष्ट करता येतील.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, एका धर्माची उपासना दुसऱ्या परंपरेतील ओवी, अभंग वा कीर्तन स्वीकारते, तेव्हा ती केवळ रचनाबंध घेते की त्यातील भावही? या प्रश्नाचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

विषय-विवेचन
लुथरन जागतिक महासंघाच्या १९९६ च्या नैरोबी निवेदनात उपासनेचे संस्कृतीशी असलेले चार संबंध सांगितले आहेत.

१. सर्वसांस्कृतिक : बाप्तिस्मा, शास्त्रवाचन, प्रभुभोजन ही उपासनेची अंगे कोणत्याही एका देशाची नाहीत, ती सर्वत्र आढळतात.

२. संदर्भनिष्ठ : ही समान अंगे स्थानिक रूपांतून व्यक्त होतात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीछंदात रचले. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती उपदेशासाठी कीर्तनाचा अवलंब केला. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी अभंग व भजने रचली. वारकरी ज्या जिव्हाळ्याने विठ्ठलाला ‘माउली’ म्हणतात, त्याच जिव्हाळ्याने टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात. म्हणजे अभंगाबरोबर ईश्वराकडे पाहण्याची वत्सल दृष्टीही उपासनेत आली.

३. प्रतिसांस्कृतिक : संस्कृतीतील सर्वच गोष्टी स्वीकारार्ह नसतात. ज्या समाजात परजातीच्या हातचे पाणीही वर्ज्य होते, तेथे प्रभुभोजनाची एकच भाकर सर्वांनी वाटून घेणे हा जातिभेदाला दिलेला नकार ठरतो. उपासकांनी आपल्यातच जातीचे अंतर राखले, तर हा विधी अर्थहीन होतो. हा निकष पाश्चात्त्य संस्कृतीलाही लागू पडतो. टिळकांनी मिशनची चाकरी सोडून १९१७ मध्ये साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती.

४. आंतरसांस्कृतिक : विविध संस्कृतींतील उपासक परस्परांची गीते स्वीकारतात. मराठी मंडळ्यांत टिळकांच्या भजनांसोबत पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीतेही गायिली जातात.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांच्या वापराला वाव दिला. त्यानंतर कॅथलिक चर्चमध्येही मराठीतून मिस्सा होऊ लागला. आज टाळ-मृदंगाशेजारी गिटार व कीबोर्ड आले आहेत. त्यांचे मूल्यमापन करताना ‘हे परके आहे काय?’ एवढेच विचारून भागत नाही. या वाद्याने सर्व मंडळी गाऊ लागते की ती केवळ श्रोता होते, हेही पाहावे लागते.

सारांश
उपासना संस्कृतीचे रूप घेते, तशीच ती तिची चिकित्साही करते. केवळ रूप घेतले तर ती प्रचलित समाजरचनेचा भाग होऊन जाते. केवळ नकार दिला तर ती परकी राहते. मराठी ख्रिस्ती भक्तिरचनेचे महत्त्व या दोहोंचा तोल साधण्यात आहे.

स्वाध्याय
१. अभंगाच्या स्वीकारामुळे ख्रिस्ती उपासनेत कोणती भावदृष्टी आली, ते सोदाहरण लिहा.
२. आपल्या परिसरातील कोणत्याही धर्माच्या एका उपासनाविधीचे निरीक्षण करून त्यास वरील चार संबंध लावून पाहा.